काजळीतले रंग

परवापासून बदलापुरात पुन्हा लाइट जायला लागली आहे. दुपारी जेवण आटोपून जरा आडवं व्हावं, तर डोक्यावरचा पंखा मलूल होत होत थांबतो. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच संताप सुरू. मीही दोन लालबुंद चेहरे टाकले. चार लोकांत राहायचं तर टाकावे लागतात. पण खरं सांगू का, मला आतून बरं वाटलं. पंखा थांबल्यावर जी एक शांतता पडते ना, बाहेरचा कावळासुद्धा उशाशी बसून ओरडतोय असं वाटतं, ती शांतता मी कितीतरी वर्षांनी ऐकली. आणि घामेजल्या मानेनं उशीवर पडल्यापडल्या मला हर्षाचा आवाज आठवला. "सुजू, लाइट गेली यार! सगळं पसरणार आता!"

काय पसरणार, ते सांगते.

दोन हजार आठच्या आसपासचा तो उन्हाळा. आम्ही एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज उल्हासनगरचं. मी अंबरनाथची, हर्षा उल्हासनगर कॅम्प पाचची सिंधी मुलगी. सरकारी भाषेत त्याला भारनियमन म्हणायचे, आम्ही लोडशेडिंग म्हणायचो आणि आमची आई 'मेली लाइट' म्हणायची. प्रत्येक गावाचं वेळापत्रक वेगळं. अंबरनाथची गेली की कॅम्प पाचची यायची, कॅम्प पाचची गेली की कॉलेजची यायची. बदलापूरला तर कधी यायची तेच कळायचं नाही. लोक लग्नाच्या मुहूर्ताइतक्या काळजीनं ते वेळापत्रक पाठ करायचे, आणि वीजवाले ते मोडायचे. आमचा सगळा प्रोजेक्ट त्या विजेवर टांगलेला होता.

प्रोजेक्ट सरांनी काढलेला. सर म्हणजे उत्साहाचा झरा, साधनांच्या नावानं शंख. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की मेणबत्तीच्या काजळीत कार्बनचे इतके बारीक कण असतात की जांभळ्या अतिनील दिव्याखाली ते चमकतात. बरं, सगळे एका रंगात नाही. बारीक कण निळे, त्याहून मोठे हिरवे, आणखी मोठे पिवळे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. जी काजळी हाताला लागली की आई धपाटा घालते, तिच्यात रंग? सर म्हणाले, "आहेत बुवा. पण सगळे एकत्र मिसळलेत. तुम्ही वेगळे करून दाखवा."

वेगळे करायची रीत ऐकायला सोपी. थालिपिठाच्या तव्याएवढी एक पारदर्शक, थरथरती वडी घालायची, जेलीसारखी. तिच्या एका टोकाला बारीक खाचा, खाचांत काजळीचं पाणी. मग दोन टोकांना वीज जोडायची. कण विजेच्या ओढीनं वडीतून पलीकडे निघतात, पण ती वडी आतून जाळीची असते. बारीक कण जाळीतून सुळकन पुढे जातात, थोराड अडकत अडकत मागे राहतात. तासाभरात पट्टे पडायला हवेत, एकामागे एक. आणि मध्येच लाइट गेली तर? ओढ संपली. मग ते कण चहूकडे पसरतात आणि पट्ट्याचा ढग होतो. असे किती ढग आम्ही त्या उन्हाळ्यात मोरीत ओतले, त्याला गणती नाही.

साधनं आमची सगळी उल्हासनगरी. वडी ठेवायची टाकी आम्ही दारावरच्या पाट्या बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकची करून घेतली. त्या पठ्ठ्यानं हौसेनं तिच्यावर हर्षाचं नावही कोरून दिलं. खाचांसाठी केसांचा कंगवा, एक आड एक दात मोडून. सरावाच्या वड्यांसाठी फालुद्याच्या दुकानातलं चायना ग्रास, कारण खरी पावडर सरांनी एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून चिमूटभर मागून आणली होती आणि ती ते कपाटात कुलपात ठेवायचे. वीज सोडायला फिजिक्सवाल्यांचा जुना सप्लाय, जो गुरगुरायचा. आणि अतिनील दिवा? तो हर्षाच्या पप्पांच्या गल्ल्यावरचा, नोट खरी की खोटी बघायचा, सेलवर चालणारा. तो आम्ही अधूनमधून पळवायचो आणि मग पप्पा प्रत्येक नोट उन्हात धरून बघत बसायचे.

काजळी मात्र आमच्या विहारातली. पौर्णिमेला वंदना झाली की आई स्टीलची ताटली घेऊन मेणबत्त्यांवर धरून बसायची. बायका विचारायच्या, "सुजाताच्या आई, हे काय नवीन?" आई ऐटीत सांगायची, "पोरीच्या सायन्सला लागतं." तिला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण ताटली धरून हात भरून आला तरी ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. ती काजळी डबीत खरवडून मी कॉलेजात न्यायची आणि आम्ही ती ॲसिडमध्ये तासन्‌तास उकळायचो. तपकिरी धूर, खिडकीतून येणारा उन्हाचा लोट, ओढणीला कायमचा चिकटलेला तो आंबूस वास. आजही कॉलेजात कुणी नायट्रिकची बाटली उघडली की मी विशीची होते. मुलांना वाटतं मॅडमच्या डोळ्यांत धूर गेला.

आता हर्षाचं. तिला पुढे शिकायचं होतं, संशोधनच करायचं होतं, आणि घरी तिची 'कच्ची मिश्री' ठरत आली होती. म्हणजे सिंध्यांतलं बोलणं पक्कं करणं. नारळ आणि खडीसाखर हातात पडली की मुलगी त्यांची झाली. मुलगा वाईट नव्हता हो. एकदा बघितला मी, लाजून पापड मोडत बसला होता. पण त्यांना लग्न पावसाळ्याआधी हवं होतं, आणि लग्नानंतर सून प्रयोगशाळेत जाईल असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हर्षा पप्पांच्या मागेच लागली. पप्पा म्हणजे जीन्सच्या कारखान्याचे मालक, तळमजल्यावर मशिनी, वर घर. रागीट नाही, पण व्यापारी माणूस. ते म्हणाले, "दो साल से सुन रहा हूँ, काजळी, काजळी. मुझे माल दिखा. आँख से दिखेगा, तो मैं उनको मना कर दूँगा. नहीं तो मिश्री ले ले, पुट." पुट म्हणजे बाळ.

झालं. हर्षानं ते पक्कं धरलं. पप्पांना रंग दिसले तर शिक्षण, नाहीतर खडीसाखर. मला तर धडकीच भरली. काजळीचा आणि कुणाच्या आयुष्याचा असा संबंध जोडतात का? पण ती म्हणाली, "पप्पा शब्द देतात तो पाळतात. तू फक्त माझ्याबरोबर राहा."

चेटीचंडच्या, म्हणजे सिंध्यांच्या नववर्षाच्या, आदल्या दिवशी आम्ही तिच्या कारखान्यात वडी लावली. तिथे जनरेटर होता, म्हणून. कॅम्प पाचची दुपार मला अजून आठवते. बाहेर नाल्याचं पाणी जीन्सच्या रंगानं निळं, आत मशिनींचा खडखडाट, हवेत तंतू, सगळ्यांच्या पापण्यांवर निळसर भुकटी. जनरेटर सुरू झाला की जमीन पायाखाली थरथरायची. आम्ही शहाण्या मुलींसारखं टाकी, काजळीचं पाणी ठेवायची औषधाच्या बाटल्यांची टोपणं, सगळं तिथल्या धुण्याच्या पावडरनं घासूनपुसून चकचकीत केलं आणि जीन्सच्या खिशांना लावतात त्या पांढऱ्या कापडानं कोरडं केलं. तासाभरानं पप्पांना बोलावलं, वडी बाहेर काढली, वर जीन्सचं जाड कापड पांघरलं आणि तिघांची डोकी त्या कापडाखाली. हर्षानं दिवा लावला.

निळा! असा निळा की मी किंचाळलेच. एक जाड, झगझगीत पट्टा. पप्पा कापडाखालून बाहेर आले ते घाम पुसत, हसत. "अरे वाह! ये तो चमके थो! काजळी में से?" त्यांनी कारागिरांना बोलावलं, सगळ्यांना कापडाखाली डोकं घालायला लावलं, लगेच मिठाई मागवली. "सण हो जाने दे, मैं उनको फोन करता हूँ." हर्षा माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि अंबरनाथला पोचेपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी, सणाच्या सकाळीच तिचा फोन. "सुजू, ये." आवाज असा की मी चप्पल उलटसुलट घालून निघाले. ती कारखान्यात एकटीच, मशिनी बंद. तिनं बोलता बोलता दिवा लावला आणि खिशाच्या पांढऱ्या कापडावर धरला. कापड निळं झगझगलं. मग शिवणाच्या पांढऱ्या धाग्यावर, मग धुण्याच्या पावडरवर. सगळं निळं, तेच निळं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात ते अतिनील उजेडात असंच चमकतं, हे आम्हाला पुस्तकात होतं. परीक्षेत मी त्याचं उत्तरही लिहिलं होतं. तिनं सकाळी काजळी न घालता, त्याच टोपणातलं नुसतं पाणी वडीत सोडून बघितलं होतं. तोच पट्टा.

"आपण काजळी नाही बघितली," ती म्हणाली. "आपण साबण बघितला."

मी म्हटलं, "अगं मग गप्प बस ना. पप्पा हो म्हणालेत. रंग आहेतच काजळीत, आज ना उद्या दिसतील. त्यांना काय फरक पडतो साबण की काजळी?"

"मला पडतो ना."

"वेडी आहेस का? मिश्री हातात घेऊन बसशील."

"तर बसेन," ती म्हणाली. "पण साबण दाखवून सायंटिस्ट नाही होणार मी." आणि रडत रडत जिन्यानं वर गेली. मी मागोमाग. मला तिचा इतका राग आला होता आणि इतकी भीती वाटत होती की मला तिचा हातही धरवेना.

वर सणाची गडबड, गोड भाताचा वास. पप्पा नवा पांढरा सदरा घालून बसलेले. त्यांनी आम्हाला बघून आधी पापड आणि पाणी पुढे केलं, सिंध्यांच्या घरी ते आल्याआल्या मिळतंच. हर्षानं सरळ दिवा लावून त्यांच्या बाहीवर धरला. बाही निळी पेटली. "पप्पा, कल जो दिखा, वो ये था. काजळी नहीं थी. गलती हो गई. आप फोन मत करना अभी."

पप्पांनी बाही चिमटीत धरून दिव्याखाली उलटीपालटी करून बघितली. मला वाटलं आता ओरडतील. कारागिरांना बोलावून दाखवलं होतं, मिठाई वाटली होती. ते म्हणाले, "मैंने तो माल पास कर दिया था."

"हाँ."

"पास किया हुआ माल कोई वापस मँगाता है क्या, पुट? धंधे में मैंने आज तक नहीं देखा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमने देखा है, बेटा?" मी नाही अशी मान हलवली. त्यांनी पापड मोडला, खाल्ला नाही. "वो लोग अगले हफ्ते आएँगे. तब तक असली दिखा सकती है तो दिखा."

आता त्या आठवड्याचं काय सांगू? सरांना सगळं सांगितलं तर ते डोक्याला हात लावून हसले, मग एकदम गंभीर झाले आणि कपाटाचं कुलूप काढून उरलेली सगळी पावडर आमच्या हातात ठेवली. कारखाना बाद. साबण लागलेलं काहीही बाद. प्रयोग आमच्या घरी करायचा ठरला, पण अंबरनाथला जनरेटर कुठला? लाइट मध्ये गेली की ढग. आम्ही वेळापत्रक घेऊन डोकं खाजवत बसलो होतो, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "जयंतीला करा की. चौदा एप्रिलला लाइट घालवायची हिंमत आहे का कुणाची?"

अहो, खरंच की! त्या दिवशी आमच्या वस्तीत लाइट जात नसे.

चौदा एप्रिल म्हणजे आमच्याकडे काय वर्णावं! पहाटेपासून निळ्या पताका, लाउडस्पीकरवर गाणी, घराघरात खीर, गल्लीत रांगोळ्या. आणि सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. पांढऱ्या! हर्षा दारातच थबकली. तिनं गंमत म्हणून दिवा लावला तर आईचा पदर असा झगझगला की आई "अगं बाई!" म्हणून मागे सरली. त्या एका वर्षी आईनं जयंतीला जुनं विटकं चॉकलेटी लुगडं नेसून पाहुण्यांना खीर वाढली. कुणी विचारलं की म्हणायची, "पोरीच्या सायन्सला लागतं." मी तिच्याकडे बघितलं की मला भडभडून यायचं.

टाकी नुसत्या पाण्यानं धुतलेली. आमचे हात नुसत्या पाण्यानं धुतलेले. आतल्या खोलीत खाटेखाली वडी मांडली. सप्लाय गुरगुरायला लागला आणि बाहेरच्या ढोलात त्याचा आवाज बुडून गेला. आम्ही जमिनीवर बसून नुसत्या बघत होतो. बघण्यासारखं काही नसतं, पाण्यात थोडे बुडबुडे येतात, बस. पण हर्षा एकदाही उठली नाही, आणि तिचा घाम तिच्या हनुवटीवरून टपटप ओढणीवर पडत होता. मला राहून राहून वाटत होतं, आज काही दिसलं नाही तर मी हिला काय तोंड दाखवू? गप्प बस म्हणणारी मी होते, आणि आता माझ्याच खाटेखाली तिचं सगळं ठरत होतं.

दुपारी पप्पा आले. हातात मिठाईचा डबा, आईला बघून जरा चाचरत "जय भीम, बहनजी" म्हणाले. आईनं त्यांना खीर दिली. मुद्दाम गडद शर्ट घालून आले होते; माझ्या लक्षात आलं आणि मी एकदम सैल झाले. आम्ही वडी उचलून ताटलीत ठेवली, वर गोधडी घातली, आणि पुन्हा तिघांची डोकी आत. गोधडीत जीव गुदमरत होता. हर्षानं दिवा माझ्या हातात दिला.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. नुसता काळोख आणि आमचे श्वास. मग डोळे सरावले. पुढे, अगदी पुढे, निळसर धूसर रेघ. तिच्या मागे जरा अंतर सोडून हिरवी. आणि पार मागे, आहे की नाही अशी, पिवळी. इतक्या फिक्या, की थेट बघितलं तर निसटायच्या आणि बाजूला बघितलं की पुन्हा उमटायच्या. पण तीन. वेगवेगळ्या. आणि शेजारच्या खाचेत, जिच्यात नुसतं पाणी सोडलं होतं, तिथे काही म्हणजे काही नाही.

"बस, इतना ही?" पप्पा म्हणाले.

"इतना ही, पप्पा."

"पहले वाला ज़्यादा चमकता था."

"हाँ."

पप्पांनी माझ्या हातातून दिवा घेतला, विझवला, पुन्हा लावला. परत विझवला, परत लावला. धंद्यातली सवय असणार, नोट अशीच बघत असतील. "आगे वाला छोटा है?" त्यांनी विचारलं. हर्षा म्हणाली, "हाँ. छोटा जल्दी निकल जाता है. बड़ा फँसता है, पीछे रह जाता है." ते "हम्म" म्हणाले, आणि बराच वेळ त्या पिवळ्या रेघेकडे बघत राहिले.

हर्षा आता फार लांब असते. तिथे लाइट जात नाही, आणि जे आम्ही खाटेखाली केलं ते तिथे मशीन करतं. फोनवर बोलतो तेव्हा आम्ही मुलांची, गुडघ्यांची, भाज्यांची बोलणी बोलतो. पप्पा गेल्या वर्षी गेले. मी भेटायला गेले होते तर कारखान्यात दुसऱ्याच कुणाच्या मशिनी चालू होत्या. मला तो सगळा उन्हाळा परत हवा, असं कधीकधी वाटतं. अगदी त्या ढगांसकट, तपकिरी धुरासकट, मोडक्या कंगव्यासकट. मूर्खपणा आहे, माहीत आहे मला. घामोळ्यांनी पाठ सोलली होती तेव्हा.

पण त्या दुपारी पप्पा गोधडीतून बाहेर आले, तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते आणि डोळे लाल. आम्हाला वाटलं उकाड्यानं. ते काही न बोलता आमच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. समोरून मिरवणूक चालली होती, कान फुटेस्तोवर ढोल. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एका कानावर हात दाबून सिंधीत ओरडून ओरडून बोलायला लागले. मला त्यातलं फक्त 'धीअ' कळलं, म्हणजे मुलगी. तेवढाच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी हर्षाच्या दंडाला धरलं आणि विचारलं, "काय म्हणतायत गं? कुणाला?"

"मुलाकडच्यांना," ती म्हणाली. "ते विचारत असणार, मग कधी येऊ. आणि पप्पा म्हणतायत, नका येऊ. माझी मुलगी शिकतेय."